अमेरिकेचं कॅनडाला काय?

प्रश्न : माझं माहेर देवगडजवळ. जानेवारीत लग्न झालं. नवरा ब्रॅम्प्टनला असतो, कॅनडाचा कायम रहिवासी आहे आणि आता मला स्पॉन्सर करतोय. 2019 मध्ये एमएस करायला जायचं म्हणून मी अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत दिली होती. तीन मिनिटांत नकाराचा कागद हातात पडला. लग्न ठरताना आई म्हणाली, "गप रव, लगीन मोडात." म्हणून सासरी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आता एजंट म्हणतो, "अमेरिकेचं कॅनडाला काय? 'नो' करून टाकू." काय करू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करते. 'नो' करू नकोस.

फॉर्ममधला व्हिसा-नकाराचा प्रश्न नीट वाच. 'अनुसूची ए' नावाच्या पानावर तो आहे. कॅनडाने नाकारलंय का, एवढंच तिथे विचारलेलं नाही. कॅनडा 'किंवा अन्य कोणत्याही देशाने' असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय व्हिसा अर्जदारांच्या माहितीची देवाणघेवाण हे दोन देश आपसात करतात आणि तुझ्या बोटांचे ठसे 2019 मध्येच घेतलेले आहेत. खोटं सापडलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षं दार बंद. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, 2014 मध्ये वाढवली. आणि सही तुझी असते. 'एजंटने भरलं होतं' हे तिथे चालत नाही.

आता तो नकार खरंच किती मोठा आहे ते बघ. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसा बहुतेकदा तिथल्या कायद्याच्या कलम 214 (बी) खाली नाकारतात. म्हणजे शिकून तू परत येशील, हे अधिकाऱ्याला पटलं नाही. बस्स, त्यात गुन्हा नाही, डाग नाही. आणि आता तर तू उघडउघड राहायलाच निघाली आहेस! तेव्हाची शंका या अर्जात लागूच होत नाही. इथे मुख्य बघतात ते लग्न खरं आहे की कागदावरचं. त्यासाठी ग्रामपंचायतीतला नोंदणीचा दाखला, मांडवातले फोटो, रोजचे कॉल हे सगळं जमवत राहा.

मलाही एकदा नकार मिळालाय. 2008 मध्ये बहिणीच्या बाळंतपणाला इंग्लंडला जायचं होतं. आमच्या खात्यावर वर्षभर शुकशुकाट आणि मे महिन्यात एकदम मोठी रक्कम. आंब्याचे पैसे दुसरे कधी येणार? पण ते मी कुठे लिहिलंच नव्हतं. नकाराच्या पत्रात नेमकं तेच कारण होतं. पुढच्या वेळी पहिला नकार तारखेसह लिहिला, वाशीच्या दलालाच्या तीन हंगामांच्या आंबाविक्रीच्या पट्ट्या (पावत्या) जोडल्या, आणि व्हिसा मिळाला. भाचा तोवर चालायला लागला होता, ते सोड.

तुलाही 'हो' करून खाली दोन ओळीच लिहायच्यात : अमुक महिना 2019, अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, मुंबईत मुलाखत, कागदावर असेल ते कलम, त्यानंतर अमेरिकेसाठी अर्ज केलेला नाही. 'अधिकाऱ्याने माझं ऐकूनच घेतलं नाही' वगैरे रडगाणं नको. दुसऱ्या कुठल्या देशाने कधी नाकारलं असेल तर तेही याच रकान्यात.

एजंटचं म्हणशील, तर पैसे घेऊन काम करणाऱ्याचं नाव अर्जात जाहीर करावं लागतं आणि तो कॅनडातला वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावा लागतो. परवानाधारकांची यादी 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. "तुमचं नाव फॉर्मवर घालणार ना?" एवढंच त्याला विचार आणि तोंड बघ त्याचं. अर्ज आधीच पाठवून झाला असेल, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारायच्या आत स्वतःहून दुरुस्ती कळव.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला भीती अधिकाऱ्याची नाहीच, नवऱ्याची आहे. स्पॉन्सरशिपचा आणि तुझा अर्ज एकत्रच जातो, तेव्हा हे त्याच्यापासून लपणार नाही. ते त्याला फॉर्ममधून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. आईवर ढकलू नकोस, तिने आपल्या समजुतीप्रमाणे केलं. आणि तो स्वतः परदेशी गेलेला माणूस आहे. व्हिसाच्या रांगेत पोटात काय होतं, हे त्याला तुझ्या सासूबाईंपेक्षा जास्त माहीत असणार.

तो कागद ट्रंकेत कुठे असेल तर शोध. नसला तरी अडत नाही, महिना आठवून लिही. सापडला तर फोटो काढून आधी त्याला पाठव आणि मग फोन कर. आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात त्याच्याकडे सकाळचे अकरा असतात. रविवारी कर, घाईत नसेल.