इन्फ्लुएन्सरांची खिल्ली उडवणारी मालिका नव्या हंगामात फिकी का पडते?

आपला प्रश्न असा आहे की, ऑनलाइन इन्फ्लुएन्सर आणि एकूणच इंटरनेटवरच्या वागण्या-बोलण्याची टर उडवणारी विनोदी मालिका पहिल्यांदा येते तेव्हा खूप हसवते. पण तीच मालिका नवा हंगाम घेऊन परतली की शिळी का वाटते, आणि याला काही अपवाद आहेत का. अपवाद आहेत. त्यांपैकी मला सर्वांत बोलका वाटलेला अपवाद म्हणजे ब्रिटनमधील बीबीसी थ्रीची 'प्लीज लाइक' ही मालिका. 2017 ते 2021 या काळात तिचे तीन हंगाम आले आणि तिसऱ्या हंगामापर्यंत तिची धार गेली नाही. म्हणून मी मुख्यतः तिच्याच आधारे उत्तर देतो.

शिळेपणाचे नेहमी सांगितले जाणारे कारण असे की इंटरनेट वेगाने बदलते आणि मालिका लिहून, चित्रित होऊन पडद्यावर येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष उलटलेले असते. यात तथ्य आहे. वाइन हे सहा सेकंदांच्या व्हिडिओंचे ॲप जानेवारी 2017 मध्ये बंद पडले, छोट्या व्हिडिओंचेच म्युझिकली हे ॲप ऑगस्ट 2018 मध्ये टिकटॉकमध्ये विलीन झाले आणि त्या ॲपांवर बेतलेले विनोद त्यांच्याबरोबरच गेले. परंतु हे कारण मला अपुरे वाटते, कारण राजकारणावरच्या विनोदालाही हाच धोका असतो आणि तरीही तो वर्षानुवर्षे टिकलेला आपण पाहतो. खरी अडचण वेगळी आहे. व्यंगचित्र काढायचे तर समोरचा चेहरा गंभीर असावा लागतो. मंत्री स्वतःकडे गंभीरपणे पाहतो, म्हणून त्याची नक्कल हसवते. इन्फ्लुएन्सर मात्र स्वतःची नक्कल स्वतःच करतो, तीही त्याच दिवशी आणि जाहिरातीसह. पहिल्या हंगामात ज्या लकबींवर प्रेक्षक हसले, म्हणजे ते लाडिक 'हाय गाइज', पांढऱ्या भिंतीसमोर डोळे पुसत मागितलेली माफी, कॅमेरा बंद होताच उतरणारे हसू, त्या लकबींची विडंबने दुसरा हंगाम येईपर्यंत खुद्द इन्फ्लुएन्सरांनीच करून संपवलेली असतात. ज्या लेखकाने केवळ लकबींवर भिस्त ठेवली, त्याच्याकडे परत येताना सांगण्यासारखे काही उरत नाही.

'प्लीज लाइक'चा लेखक आणि नायक लियम विल्यम्स. तो मालिकेत स्वतःच्याच नावाने वावरतो: फारसे न चाललेला, चाळिशीच्या अलीकडचा पण आताच कावलेला विनोदवीर, ज्याला यूट्यूबवरच्या या तरुण मंडळींचा मनापासून तिटकारा आहे आणि तरीही त्यांच्याच जगावर माहितीपट करण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे. एमा सिडीने साकारलेली मिलिपीड ही सौंदर्यप्रसाधनांवर बोलणारी व्हिडिओकर्ती, तिचा जोडीदार चार्ली साउथ (जॉन पॉइंटिंग) आणि या साऱ्यांचा कारभार पाहणारी 'बीम' नावाची एजन्सी, तिचा प्रमुख जेम्स वर्म (टिम की), अशी मुख्य पात्रे आहेत. पंधरा-वीस मिनिटांचे भाग, माहितीपटाचे सोंग, आवाज न चढवता केलेला विनोद. वरवर पाहता ब्रिटिश मॉक्युमेंटरीचा जुनाच साचा आहे. फरक पडतो तो टीकेचा रोख कोणाकडे आहे, याने.

हा रोख समजून घ्यायचा असेल तर त्यावेळचे खरे ब्रिटिश यूट्यूब जग थोडे आठवावे लागेल. झोई सग, म्हणजे 'झोएला', ही तेव्हाची सर्वांत मोठी ब्रिटिश व्हिडिओकर्ती. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीच्या 78 हजारांहून अधिक प्रती एका आठवड्यात खपल्या; नव्या लेखकाच्या पुस्तकासाठी ब्रिटनमध्ये तो विक्रम होता. काही दिवसांतच प्रकाशकाला मान्य करावे लागले की तिने ती एकटीने लिहिलेली नव्हती. 2015 मध्ये तिचा आणि तिचा जोडीदार आल्फी डेझ याचा मेणाचा पुतळा लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयात उभा राहिला. 2017 च्या नाताळाआधी तिच्या नावाचे केवळ बारा खणांचे ॲडव्हेंट कॅलेंडर 50 पौंडांना विकायला आले, पालकांनी ओरड केली आणि दुकानाला किंमत निम्मी करावी लागली. झोएलाचे व्यवहार 'ग्लीम फ्यूचर्स' ही एजन्सी पाहत असे आणि 2017 मध्ये त्या एजन्सीतील मोठा हिस्सा जाहिरात क्षेत्रातील बलाढ्य डेन्त्सू समूहाने घेतला. 'ग्लीम' आणि 'बीम' ही नावे शेजारी ठेवली तर मालिकेने बाण कोठे रोखला आहे, याबद्दल फारशी शंका राहू नये. निदान मला तरी ती राहिली नाही.

म्हणजे 'प्लीज लाइक'मध्ये मिलिपीड हा खरा खलनायक नाही. ती बऱ्यापैकी प्रेमळ, कष्टाळू आणि आपण काय विकतो आहोत हे पुरते न उमगलेली अशी बाई आहे. हशा तिच्या वाट्याला येतो, पण बोच वर्मच्या वाट्याला येते, कारण माणसाचे दुःख, प्रेम, मैत्री किंवा पश्चात्ताप यांपैकी कशाचा किती रकमेला व्यवहार होऊ शकतो, हे त्याला नेमके कळते. लकबी सहा महिन्यांत बदलतात. हा व्यवहार बदलत नाही. टिम कीने वर्मला कोठेही राक्षस केलेले नाही, हेही इथे नोंदवायला हवे. तो सौजन्याने, किंचित ओशाळल्यासारखा बोलतो आणि म्हणूनच त्याच्या तोंडची वाक्ये कोणत्याही खऱ्या बैठकीत खपून जातील अशी वाटतात.

योगायोगही मालिकेच्या बाजूने होता. तिचा पहिला हंगाम फेब्रुवारी 2017 मध्ये आला. त्याच महिन्यात ज्यूद्वेषी मजकुराच्या वादावरून डिस्नेच्या मेकर स्टुडिओजने प्यूडीपाय या प्रसिद्ध यूट्यूबरशी असलेले संबंध तोडले, आणि अतिरेकी व्हिडिओंच्या शेजारी मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात हे लंडनच्या 'द टाइम्स'ने उघडकीस आणले. पुढच्या काही आठवड्यांत ब्रिटिश सरकारपासून मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीपर्यंत अनेकांनी यूट्यूबवरील जाहिराती थांबवल्या. 2017 च्या शेवटच्या दिवशी लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने जपानच्या आओकिगाहारा जंगलातील मृतदेहाचा व्हिडिओ टाकला. जानेवारी 2018 मध्ये यूट्यूबने जाहिरातीच्या उत्पन्नासाठी किमान 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. जानेवारी 2019 मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने 16 नामवंतांकडून, पैसे घेऊन केलेली शिफारस स्पष्टपणे तशी सांगण्याची हमी घेतली. थोडक्यात, पहिल्या हंगामाच्या वेळी ज्या धंद्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले जात होते, तो पुढचे हंगाम येईपर्यंत नियामक, वकील आणि जाहिरात संस्था यांच्या कक्षेत आला होता. व्यवहारावर नजर ठेवून असलेल्या मालिकेसाठी ही घडामोड म्हणजे नवा कच्चा माल होता. केवळ लाडिक बोलण्याची नक्कल करणाऱ्यांसाठी मात्र तिचा काहीही उपयोग नव्हता.

आता दुसरे आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कारण. या मालिकेत टर उडवणारा माणूस स्वतः चौकटीबाहेर उभा नाही. लियमला ही मंडळी उथळ वाटतात, परंतु त्यांचे प्रेक्षक, त्यांचे पैसे आणि त्यांना मिळणारे प्रेम हे सारे त्यालाही हवे आहे. त्याचा तिटकारा हाच त्याचा विकाऊ माल आहे. मालिकेचा नवा हंगाम येणे म्हणजे त्याच्या पात्राने पुन्हा एकदा त्याच बाजारात उभे राहणे, आणि या लाजिरवाण्या परतण्याचाच विनोद होतो. नवा हंगाम का काढला, या प्रश्नाचे उत्तर कथेतच असल्यामुळे तो बाहेरून ओढून आणल्यासारखा वाटत नाही.

ही युक्ती लियम विल्यम्सने शोधलेली नाही. फेब्रुवारी 2005 मध्ये चॅनल 4 वर 'नेथन बार्ली' ही सहा भागांची मालिका आली होती. ख्रिस मॉरिस आणि चार्ली ब्रुकर हे तिचे लेखक; नेथन हे पात्र मुळात ब्रुकरच्या 'टीव्हीगोहोम' या संकेतस्थळावर जन्मले होते. स्वतःचे संकेतस्थळ चालवणारा, हाताखालच्या बापड्या मुलाची क्रूर थट्टा करून ती चित्रित करणारा आणि स्वतःला माध्यमकर्मी म्हणवणारा हा तरुण पडद्यावर आला, तेव्हा यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ चढायला अजून दोन महिने बाकी होते. मात्र त्या मालिकेचे खरे मर्म डॅन ॲशक्रॉफ्ट या पत्रकारात आहे. तो या 'मूर्खांच्या उदया'वर जळजळीत लेख लिहितो, आणि तेच मूर्ख तो लेख डोक्यावर घेऊन त्याला आपला गुरू करून टाकतात. ती मालिका तेव्हा फारशी पाहिली गेली नाही आणि तिचा दुसरा हंगामही आला नाही. आज ती वीस वर्षांपूर्वीची आहे असे केवळ त्यातल्या मोबाइल फोनांवरून कळते. (बेनेडिक्ट कंबरबॅच आणि बेन व्हिशॉ हे दोघेही त्यात अगदी कोवळ्या वयात दिसतात, हा वेगळा आनंद.)

अमेरिकेकडे पाहिले तर परतण्याची दुसरी रीत दिसते. 'द अदर टू' या मालिकेचा पहिला हंगाम जानेवारी 2019 मध्ये कॉमेडी सेंट्रलवर आला. तेरा वर्षांचा चेस एका गाण्याच्या व्हिडिओमुळे रातोरात प्रसिद्ध होतो आणि त्याची थोरली, अपयशी भावंडे त्या प्रसिद्धीच्या मागे फरफटतात, अशी ती कथा. चेसची भूमिका करणारा केस वॉकर स्वतः म्युझिकलीवर नावारूपाला आलेला मुलगा होता. 2021 मध्ये मालिका एचबीओ मॅक्सवर परतली, तेव्हा लेखकद्वयाने गाणाऱ्या मुलाला जवळजवळ बाजूला ठेवले आणि त्याच्या आईला दुपारच्या कार्यक्रमाची लाडकी सूत्रधार करून टाकले. व्हायरल झालेला मुलगा हा विषय एका हंगामापुरताच आहे, एका माणसाच्या प्रसिद्धीने अख्खे घर कसे बदलते हा विषय मात्र लांबचा आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले. लिसा कुड्रोच्या 'द कमबॅक'ने तर सरळ काळालाच कामाला लावले. 2005 मध्ये 13 भागांनंतर एचबीओने ती बंद केली, 2014 मध्ये आठ भागांसह ती परतली, आणि 2025 मध्ये तिसऱ्या हंगामाची घोषणा झाली. तिचा विषय रिॲलिटी टीव्हीचा, इन्फ्लुएन्सरांच्या आधीच्या पिढीचा. परंतु कॅमेऱ्यापुढे अपमान गिळून हसणारी तिची नायिका व्हॅलरी चेरिश आजच्या कोणत्याही व्हिडिओकर्त्याची मोठी बहीण शोभते. मध्ये गेलेली नऊ वर्षे तिच्या चेहऱ्यावर दिसतात, आणि दुसऱ्या हंगामाचे बळ त्यातच आहे.

फिके पडण्याच्या एका कारणाचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तोही करतो. आज अशी कोणतीही मालिका परतते तेव्हा तिची प्रसिद्धी रीलमधून, कापलेल्या तुकड्यांमधून आणि खऱ्या इन्फ्लुएन्सरांना दाखवलेल्या खास खेळांमधून होते. ज्यांच्यावर टीका करायची, त्यांच्याच हातून मालिका विकायची असेल तर लेखणी कोठेतरी मवाळ होतेच. पाहुणे कलाकार म्हणून खरे इन्फ्लुएन्सर येऊ लागले की मी सावध होतो. बीबीसी थ्री 2016 ते 2022 या काळात वाहिनी म्हणून बंद होऊन केवळ ऑनलाइन चालत होती, म्हणजे 'प्लीज लाइक'चे तिन्ही हंगाम इंटरनेटवरच्या लक्षासाठी इतरांशी झगडतच आले; पण प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीसारख्या संस्थेला जाहिरातदाराची मर्जी राखावी लागत नव्हती, हा फायदा कमी लेखू नये.

मराठीत अशी मालिका का नाही, हे आपण विचारलेले नाही, तरी त्याचे उत्तर याच मुद्द्याला लागून येते. भाडिपासारख्या मंचांनी 2016 पासून मराठी विनोद यूट्यूबवर रुजवला आणि विनोदाची जाण असलेली बरीच मंडळी तिथेच वाढली. म्हणजे ज्यांनी हे लिहावे, त्यांचे घर प्रायोजकांच्या पैशावरच चालते. साहित्याची तर कमतरता नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेची, इन्फ्लुएन्सरांनी जाहिरातीवर लावायच्या लेबलांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे जून 2021 पासून लागू आहेत, आणि ती पाळताना शिफारशीखालचा 'सशुल्क' हा शिक्का किती बेताने लपवला जातो, यावरच एक भाग सहज होईल. टिकटॉकवरून घराघरांत पोहोचलेला, मोढवे गावचा सूरज चव्हाण 2024 मध्ये 'बिग बॉस मराठी'चा विजेता झाला, तेव्हा शहरी प्रेक्षकांत त्याच्याविषयी जे कौतुक आणि जी नाके मुरडणे एकाच वेळी चालले होते, त्यावर लिहिणाऱ्याला मात्र लियमसारखे स्वतःला आधी चौकटीत उभे करावे लागेल. नाहीतर ती खेड्यातल्या मुलाची शहरी टवाळी होऊन बसेल.

आपल्याला अशी एखादी मालिका परतल्यावर पाहावी की नाही हे ठरवायचे असेल, तर नव्या हंगामाच्या पहिल्या भागात पैशाचा विषय किती मिनिटांनी निघतो, एवढे पाहावे. दहा मिनिटांत कोणीच कोणाला रक्कम विचारली नाही, तर मी पुढचा भाग लावत नाही. सुरुवात करायचीच असेल तर 'प्लीज लाइक'चा पहिला हंगाम क्रमाने पाहावा, कारण वर्म आणि लियम यांच्यातील देवघेव भागागणिक चढत जाते आणि मधूनच पाहिल्यास ती नुसतीच नकलांची माळ वाटण्याची शक्यता आहे. 'नेथन बार्ली' त्यानंतर पाहावी.