शाळेतून काढू का त्याला?

प्रिय मावशी,
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी त्याचं पोट दुखतं. व्हॅन आली की रडायला लागतो. रविवारी मात्र अगदी खडखडीत. घरी असला की तासन्‌तास वाचतो, बॅटऱ्या-वायरी घेऊन काहीतरी जोडत बसतो. होमस्कूलिंग करणाऱ्या आईवडिलांचे व्हिडिओ बघून वाटतं, आपणही त्याला घरीच शिकवावं. मी ठाण्याला पतसंस्थेत नोकरी करते. घराचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. नवरा म्हणतो, हे पैसेवाल्यांचं खूळ आहे. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. काय करू?
– एक आई, डोंबिवली

प्रिय मुली,
आधी पोटदुखीबद्दल बोलू. व्हॅनचा हॉर्न ऐकून दुखणारं पोट खोटं नसतं, ते खरंच दुखतं. डॉक्टरांना एकदा दाखव. पण दिवाळीपर्यंत नीट जाणारा मुलगा दिवाळीनंतर का रडतो, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. वर्गाच्या बाई बदलल्या का? व्हॅनमध्ये कुणी मोठा मुलगा छळतो का? मधल्या सुट्टीत डबा तो कुणाबरोबर खातो? ‘काय झालं?’ असं थेट विचारलंस तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर येईल. डब्याबद्दल विचार, व्हॅनमध्ये कुठे बसतो ते विचार. रात्री दिवा मालवल्यावर विचार, तेव्हा मुलं जास्त बोलतात. शाळेत मारहाण किंवा अपमान होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी पत्र दे आणि त्याची पोच घे. कुणी अंगाला हात लावल्यासारखं काही निघालं तर एक दिवसही थांबू नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आता तुझा प्रश्न. तुमच्यासारख्या नोकरदार घरांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांमध्ये, मुलाला पूर्णवेळ घरी शिकवणं निभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तुझी बुद्धी कमी पडेल म्हणून नाही. पुस्तकं महाग आहेत म्हणूनही नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. लागतं ते एक मोठं माणूस, दिवसभर, वर्षानुवर्षं. मुंबईच्या मालविका जोशीचं नाव तू ऐकलं असशील. तिने सातवीत शाळा सोडली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटी या नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पण तिला शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती आणि वडिलांचा स्वतःचा व्यवसाय होता. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं. एमआयटीचं दार उघडलं ते आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड या शालेय मुलांच्या संगणक प्रोग्रॅमिंग स्पर्धेतल्या तीन पदकांमुळे. तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण तुझ्या घराचा हिशेब त्या उदाहरणावर मांडू नकोस. तू नोकरी सोडलीस तर हप्ता कोण भरणार? आठ-दहा वर्षांनी तुला पुन्हा कामावर कोण घेणार? तुझा पीएफ तिथेच थांबेल. आणि नोकरी सोडण्याचा विषय निघाला तो फक्त तुझ्याच बाबतीत, हे मला फार खटकलं.

नवरा ‘खूळ’ म्हणतो, तेही मला पटत नाही. ज्या घरात आईवडिलांपैकी एकाला घरून किंवा सवडीने काम करता येतं, किंवा ज्या मुलाची गरज शाळा भागवूच शकत नाही, तिथे लोक हे जीव ओतून करतात आणि मुलं छान वाढतात. मुलाला सोबती मिळावेत म्हणूनसुद्धा त्या आईवडिलांना मुद्दाम खपावं लागतं. शिकवणीच्या तीन क्लासना पाठवून दिवसभर घरी एकटं ठेवणं, याला मात्र मी होमस्कूलिंग म्हणणार नाही. सासूबाई लक्ष ठेवतील, पण लक्ष ठेवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

कायद्याची भीती मनात असेल तर ऐक. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. शिवाय चौथ्या कलमाप्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात परत घ्यावं लागतं. पुढे वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. तिथे वर्षातून दोनदा परीक्षा होतात. किंवा शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. त्यासाठी पाचवी पास असणं आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तेव्हा दाखला सांभाळून ठेवायचा. म्हणजे वाट आहे. आज पाय टाकला नाहीस म्हणून उद्या ती बंद होणार नाही.

माझं म्हणणं असं, की शाळाच सोडण्याआधी ही शाळा सोडून बघ. जूनला अजून वेळ आहे. चालत जाता येईल अशी जवळची शाळा शोध, म्हणजे व्हॅनच सुटेल. मराठी माध्यमाची चांगली शाळा जवळ असेल तर नाक मुरडू नकोस. तो तासन्‌तास वाचतो ते कुठल्या भाषेत, ते आधी बघ. वर्ग चालू असताना जाऊन ये. मधल्या सुट्टीत मुलं कशी वागतात आणि बाई त्यांच्याशी कशा बोलतात, हे फी विचारण्याआधी पाहा. नवीन शाळेत जागा पक्की झाल्यावरच जुनीकडे दाखला माग. जूनपर्यंत त्याला व्हॅनने पाठवू नकोस, जमेल तसं तुम्ही दोघं आळीपाळीने सोडा.

बॅटऱ्या-वायरींचा खेळ त्याच्या बाबांकडे सोपव. रोज संध्याकाळी तास-दीड तास, अभ्यासाचं नाव न काढता. तुझ्या मुलाला घरी जे शिकायचंय त्यातलं बरंचसं तेवढ्या वेळात होईल आणि नोकरीही राहील. आणि मुख्याध्यापकांना भेटायला एकटी जाऊ नकोस. नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा काढायला सांग, मुलाच्या वहीतली तुम्हाला खटकलेली पानं बरोबर घ्या, आणि याच आठवड्यात जाऊन या.
– तुझी मावशी