गावं खरंच रिकामी झाली का?

'सगळी गावं रिकामी होऊन लोक शहरात गेले, मग आता शहरातले लोक उपनगरात का चाललेत?' हा तुमचा प्रश्न. पहिलं अर्धं वाक्य वाचूनच डोकं फिरलं, कारण ह्याच वाक्यापायी एमएच्या प्रोजेक्टमध्ये माझे मार्क गेलेत, त्यामुळे आधी तेच सांगते.

विषय होता जगाची शहरी आणि ग्रामीण लोकसंख्या, १९५० पासून. मी एकाच ग्राफपेपरवर दोन रेघा काढल्या, हिरव्या स्केचपेनने ग्रामीण माणसांचा आकडा, तो वर चढणारा, आणि तपकिरीने ग्रामीण टक्का, तो खाली घसरणारा. सरांनी हिरव्या रेघेभोवती लाल पेनने हा भलामोठा गोल काढला. म्हणे खेडी ओस पडतायत आणि तुझी रेघ वर कशी? मी म्हटलं सर, टक्का घटलाय, माणसं नाही घटली. तर म्हणे, 'दोन्ही कसं असेल, एक काहीतरी ठरव.' तोंडीला बाहेरून आलेल्या मॅडम शेजारीच बसलेल्या, त्या मोबाईलमधून मान वर करतील तर शपथ.

आता तुम्हीच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या आकड्यांत १९५० साली जगातले साधारण ७०% लोक ग्रामीण, म्हणजे १८० कोटींच्या आसपास. २०१८ ला टक्का ४५ वर आला पण माणसं झाली ३४० कोटी. जवळजवळ दुप्पट! शहरं त्याहून जोरात फुगली, ७५ कोटींवरून ४२० कोटी, बस एवढंच झालंय. आणि हे सगळे काही बोचकं उचलून आलेले नाहीत, शहरातच जन्मलेली पोरंही त्यात मोजलीत आणि हद्द वाढली म्हणून रातोरात शहरी झालेली गावंही, तिथला माणूस जागचा हललेला नसतो.

हद्दीवरून आठवलं, हे तेव्हा हाताशी असतं तर सरांच्या टेबलावर आपटलं असतं. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेला शहरी म्हणायची किमान वस्ती २,५०० वरून ५,००० केली (किंवा २,००० घरं). हजारावर ठिकाणं एका फटक्यात ग्रामीण झाली आणि शहरी टक्का ८०.७ वरून ८०.० वर आला, पण त्याच दहा वर्षांत शहरी माणसं मात्र ६.४ टक्क्यांनी वाढलेली. डेन्मार्कात २०० लोकांची वस्तीही शहरी धरतात, जपानात शहर म्हणायला ५०,००० लागतात. त्यामुळे कोणी नुसता टक्का तोंडावर फेकला तर आधी विचारा, माणसं किती आणि शहर कशाला म्हणताय. सर असले तरी विचारा.

हां, उपनगराचं राहिलंच. लंडन १९३९ ला ८६ लाखांवर होतं, १९८० च्या दशकात ६८ लाखांच्या आसपास आलं. आधी बॉम्बफेक, मग सरकारनेच बाहेर नवी शहरं वसवली (स्टीव्हनेज १९४६ ला), त्यात गाड्या आल्या, बाहेर घर मोठं मिळायला लागलं, मधल्या जागा ऑफिसांनी खाल्ल्या. मग १९९० नंतर लोक परत भरायला लागले आणि २०१५ मध्ये जुना उच्चांकही मोडला. तेव्हा 'आता सगळे उपनगरातच जाणार' हेही कोणी छातीठोक सांगू नये.

आणि हो, खरोखर रिकामी होत चाललेली गावंही आहेत, जपानात आहेत, पूर्व युरोपात आहेत, तरुण निघून गेले आणि मागे राहिलेल्यांत जन्म कमी, मृत्यू जास्त. तेवढ्यापुरते सर बरोबर, मान्य. पण माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर 'जग' लिहिलेलं होतं, आणि त्या पानावर त्यांचीच सही आहे.