६४१ आला कुठून?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

संगणकाला ४२९४९६७२९७ ही संख्या देताच ६४१ आणि ६७००४१७ हे अवयव समोर आले, मग तीन वर्षे गणित शिकून आपण मिळवतो काय, असे तू फोंड्याहून विचारले आहेस. गणित सोडावे का, हा तुझा पुढचा प्रश्न तूर्त राहू दे, कारण पहिल्या प्रश्नाजवळ तू पुरेशी थांबलीच नाहीस. ६४१ आला कुठून?

२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या निघाल्या, तेव्हा २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे तुझी ४२९४९६७२९७, हीसुद्धा मूळच असणार, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मा यांनी मानले. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी तिचा ६४१ हा अवयव दाखवला. एवढे तुला पाठ आहे. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यास बाकी उणे १ येते, ६४ व्या घाताला भागल्यास १ येते, आणि म्हणूनच त्या अवयवातून १ वजा केला की उरलेल्याला ६४ ने नि:शेष भाग जावाच लागतो. म्हणजे ६४१ पर्यंत तपासायच्या मूळ संख्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला काम संपते! उत्तर हाती आले म्हणून संख्या सोडू नकोस; त्यामागचे कारण हाती येईपर्यंत सोडू नकोस.

मला संशोधनासाठी मुंबईला जायचे होते. घरच्या जबाबदारीमुळे जाता आले नाही, आणि ती खंत अजून आहे. शाळेत मात्र भाग जाण्याची प्रत्येक कसोटी मी कारणासकट शिकवली. पोर्शन मागे पडतो म्हणून पालक रागावत, मुख्याध्यापक बोलावून समज देत, तरी मी बधलो नाही, आणि आजही मला तेच बरोबर वाटते. तुला हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल, तर फर्मा यांचीच कसोटी (पायाचा, संख्येहून एकने कमी असलेला घात घेऊन त्या संख्येने भागल्यास बाकी १ यावी) २ हा पाया धरून ४२९४९६७२९७ ला लावून पाहा. ती उत्तीर्ण होते, मूळ नसूनही! ३ घेतलास की पकडली जाते. असे का होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने यंत्राच्या ‘बहुधा मूळ’ या शेऱ्यावर कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा? कारण हवे, बाय, कारण.

आता ६७००४१७ घे, आणि ती मूळ आहे का, ते पाहा; तिचा कोणताही मूळ अवयव ४२९४९६७२९७ चाही अवयव असणार. ६४ च्या जागी १२८ धरता येतात, हे पुढे फ्रेंच गणिती ल्युका यांनी सिद्ध केले. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८९ हून कमी आहे, म्हणून २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. भागाकार हातानेच कर, पाचही बाक्या मला कळव, आणि २५७ ला न भागताच का वगळता येते, तेही लिही.

तुझा,
गणिताचा जुना शिक्षक