आरएक्स १०० घेण्यापूर्वी

यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलचे भारतातील उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे ठाणे शहरात तुम्हाला दाखवली जाणारी प्रत्येक गाडी पंचवीस वर्षांहून जुनी असणार, हे ध्यानात ठेवून आधी रंगाकडे नव्हे, कागदांकडे पाहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, आणि चासी व इंजिनावरील क्रमांक आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळतात का, हे स्वतः वाचा. क्रमांक घासलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, व्यवहार सोडा.

मालकाला इंजिन आधी तापवू नका असे सांगून ठेवा, म्हणजे ते थंड असताना सुरू करून पाहता येईल. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारे इंजिन असल्याने थोडा धूर येणारच, परंतु गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला, तर क्रँकचे (इंजिनातील फिरत्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेलेले असू शकते, आणि त्यासाठी इंजिनाचे काम काढावे लागते.