स्टार वॉर्सचे सिनेमे नेमके कोणत्या क्रमाने बघावेत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि मिसेस दोघांनीही स्टार वॉर्सचा एकही भाग बघितलेला नाही, शनिवार-रविवार धरून सगळे संपवायचेत, मालिकाही बघाव्यात का ते हवंय, आणि शेवटी जोडलंय की ‘एक ते नऊ सरळ बघणंच लॉजिकल वाटतं’. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे स्क्रोल करून गेलो असतो.

उत्तर: ४, ५, ६ आणि मग १, २, ३. थिएटरला ज्या क्रमाने लागले त्या क्रमाने. आता तुम्ही इथेच थांबा. खरंच थांबा, खाली सगळं फोडलेलं आहे, मिसेसना तर अजिबात वाचू देऊ नका. ज्यांचं आधीच वाटोळं झालंय त्यांनीच पुढे यावं.

२००६ चा मे महिना, मिरज. माझी नववीची परीक्षा संपलेली, दहावीचा क्लास पंधरा दिवसांवर. दादा पुण्याला इंजिनियरिंगला होता, तो हॉस्टेलवरून सहाही भाग सीडीवर राइट करून घेऊन आला. एका पिक्चरला दोन सीड्या, एकूण बारा, प्रत्येकीवर मार्करने १अ, १ब, २अ असं करत ६ब पर्यंत. त्याने लोडशेडिंगच्या वेळा बघून टाइमटेबल पण बनवलं होतं, सकाळी लाइट जायच्या आत एक आणि रात्री जेवणं झाल्यावर एक. मी एवढंच विचारलं की अरे चार नंबरचा १९७७ ला आला आणि एक नंबरचा १९९९ ला, मग आपण एकपासून कशाला? तर म्हणाला, ‘पुस्तक मधूनच वाचायला घेतोस का तू?’ संपला विषय. तो मोठा, सीड्या त्याच्या, कॉम्प्युटरही त्याच्याच अभ्यासासाठी घेतलेला.

तर एकपासून. सुरुवातीलाच ती पिवळी अक्षरं वर सरकत सांगतात की व्यापारी मार्गांवरच्या करावरून वाद पेटलाय, मला वाटलं नगरपालिकेची सभा आहे की काय. पॉडची शर्यत मात्र आवडली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या भागात मला दोनदा झोप लागली. तिसरा चांगलाच आहे, शेवटी १-२-३ चा हिरो अनाकिन लाव्ह्याशेजारी जळतो, मग त्याच्यावर तो काळा मुखवटा बसवतात, म्हणजे तोच ४-५-६ मधला व्हिलन व्हेडर, आणि पहिला श्वास ऐकू येतो तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि तिकडे त्याच्या बायकोला, पद्मेला, जुळं होतं, नावं ल्यूक आणि लेया, ४-५-६ ची मुख्य पात्रं. झालं, म्हणजे दोन दिवसांत मला ल्यूकचा बाप कळला, बहीण कळली, सगळं गोत्र कळलं, आणि अजून मूळ पिक्चर सुरूच व्हायचा होता.

मग आली ५ब. रात्रीचे साडेदहा, दादाचे दोन मित्रही खास येऊन बसलेले. ल्यूकचा हात तुटतो, तो त्या खांबाला लोंबकळतोय, व्हेडर सांगतो की मीच तुझा बाप. आणि माझ्या लक्षात आलं की तिघंही स्क्रीनकडे बघतच नाहीयेत, माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी म्हटलं, ‘हो, मग?’ दादा असला चिडला. ‘अरे यावर लोक थिएटरमध्ये बोंबलले होते!’ मी म्हटलं परवा तूच मला त्याच्या बाळंतपणापासून दाखवलंस ना. मित्र हसायला लागले, त्यावर तो अजून चिडला, सहावा भाग आम्ही न बोलता बघितला.

ही बारीक गोष्ट वाटत असेल तर ऐका. १९८० चा पाचवा भाग बनवताना हे गुपित युनिटमधल्या लोकांपासून लपवलं होतं. व्हेडरच्या वेशात डेव्हिड प्रावज उभा होता, त्याला सेटवर वेगळंच वाक्य दिलं होतं, की ओबीवानने, म्हणजे ल्यूकच्या म्हाताऱ्या गुरूने, तुझ्या बापाला मारलं. खरं काय आहे ते दिग्दर्शक अर्विन कर्शनरने मार्क हॅमिलला शॉटच्या थोडंच आधी सांगितलं, आणि खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात बसवलं. एवढा आटापिटा करून राखलेली गोष्ट आमच्या दादाने बारा सीड्यांवर नंबर टाकून फोडली.

आणि फक्त बाप नाही. योडा घ्या. पाचव्या भागात ल्यूक त्या दलदलीत मोठा योद्धा शोधत येतो आणि एक हिरवं बुटकं म्हातारं त्याच्या सामानात उचकापाचक करतं, त्याचं खाणं चाखून बघतं, छोट्या दिव्यावरून आरटू ह्या रोबोशी भांडतं. तोच योडा आहे हे मागाहून कळण्यात सगळी गंमत. एकपासून बघितलं की हाच योडा पहिल्या भागात परिषदेत पोक्त चेहऱ्याने बसलेला असतो आणि दुसऱ्यात तलवार घेऊन उड्या मारतो, मग दलदलीत काय उरलं? ओबीवानचंही तेच. चौथ्या भागात तो झोपडीत बसून ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या बापाला मारलं, आणि आपल्याला तो दुखावलेला म्हातारा वाटायला पाहिजे. १-२-३ आधी बघितलेल्याला तो सरळ थापा मारताना दिसतो.

आता दुसरा अंक. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा ठरवलं की हिला मी दाखवणार आणि माझ्या पद्धतीने. गणपतीत आम्ही सगळे मिरजेला जमतो, दादा बायकोपोरांसकट येतो. धोका एकच, पुतण्या, त्याला दादाने अर्थातच एकपासून दाखवलेलं. त्याला दोन कॅडबरी देऊन गप्प केला, आणि त्याचा व्हेडरचा टीशर्ट वहिनीला सांगून चार दिवस धुवायला टाकला.

चौथा झाला, मुलगी खूश. दुसऱ्या रात्री पाचवा. तो क्षण आला आणि ह्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘खोटं बोलतोय तो.’ मी म्हटलं कशावरून? तर म्हणे, ओबीवान आजोबांनी सांगितलंय ना व्हेडरने मारलं म्हणून, आजोबा कशाला खोटं बोलतील, हा वाईट माणूस आहे, वाईट माणसं असंच फसवतात. रात्रभर तेच. सकाळी आरतीला टाळ वाजवता वाजवता मधेच मला म्हणते, ‘पण समजा खरं असलं तर?’ मला काय वाटलं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही, वीस वर्षं वाट बघितली होती मी ह्या एका प्रश्नाची, माझा नाही तर नाही, हिचा. मागाहून वाचलं की स्वतः जेम्स अर्ल जोन्सलाही ते वाक्य पहिल्यांदा वाचून व्हेडर खोटं बोलतोय असंच वाटलं होतं. म्हणजे पोरगी चांगल्या संगतीत आहे.

आणि इथे दादा मधे पडला. म्हणाला आता लगेच सहावा नको लावू, मधे २ आणि ३ दाखव, बाप कसा बिघडला ते फ्लॅशबॅकसारखं कळेल, मग ६. ही त्याची आयडिया नाही, हिला मॅशेटी ऑर्डर म्हणतात, २०११ साली रॉड हिल्टन नावाच्या प्रोग्रॅमरने ब्लॉगवर मांडली होती, ४-५-२-३-६, पहिला भाग गाळूनच टाकायचा. वाईट नाही, एकपासून बघण्यापेक्षा शंभर पटीने बरी. पण आमची पोरगी ‘समजा खरं असलं तर’ घेऊन बसलीय, तिला सहाव्या भागात मरणाच्या दारातला योडा सांगेपर्यंत ल्यूकसारखंच टांगून राहू दे ना. मधे पाच तास तिला बापाचंच प्रेमप्रकरण दाखवलं तर शंका राहणार कुठे? आणि तिसऱ्या भागात जुळं जन्मतं म्हणजे लेयाचंही फुटलं, सहाव्यासाठी शिल्लक काय?

आमचा आवाज चढला तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘कर्ण कुंतीचा मुलगा हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतंच की. तरी दरवेळी वाईट वाटतंच ना?’ दादाने टेबलावर थाप मारली. ‘बघ! आईला कळतं.’ आणि मला खरंच काही सुचलं नाही. मी मोदक खात बसलो.

उत्तर सुचलं ते कृष्णाघाटावरून विसर्जन करून परत येताना, गाडीत, दादा पुढच्या गाडीत होता. अरे महाभारत सुरू कुठून होतं? शंतनूपासून? नाही. ते सांगितलं जातं जनमेजयाच्या सर्पसत्रात, आणि जनमेजय कोण तर अर्जुनाचा पणतू. युद्ध संपून, पांडव जाऊन, परीक्षिताला तक्षक चावून झाल्यावर पोरगा विचारतो की आमच्या पूर्वजांचं काय झालं, आणि मग वैशंपायन मागची गोष्ट सांगतो. व्यासांनीसुद्धा एकपासून लावलेलं नाही! आणि कर्णाचं म्हणाल तर ते माहीत असूनच बघायचं असतं, बरोबर आहे आईचं, पण स्टार वॉर्समध्ये कर्ण म्हणजे १-२-३. ते भाग बनलेच अशा लोकांसाठी ज्यांना माहीत आहे की हा नऊ वर्षांचा गोड पोरगा पुढे व्हेडर होणार. ते माहीत असलं तरच तो पोरगा आईला सोडून निघतो तेव्हा पोटात तुटतं, मला २००६ ला तुटलं नाही कारण मला तो नुसता एक पोरगा होता. म्हणजे ४-५-६ आधी बघितलं की धक्का पण मिळतो आणि नंतर कर्ण पण मिळतो. एकपासून बघितलं की ना हे ना ते. हे मी दादाला अजून बोललेलो नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघून गेले, फोनवर असलं बोलायला बरं वाटत नाही. म्हणून इथे.

एक अडचण आहे ती सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येणारच. आता जी कॉपी मिळते ती मूळ नाही, स्टार वॉर्सचा कर्ता जॉर्ज लुकास, त्याने १९९७ ला आणि परत २००४ ला त्यात हात घातलाय. सहाव्या भागाच्या शेवटी ओबीवान आणि योडाच्या शेजारी बापाचा आत्मा उभा राहतो, मुळात तिथे सेबॅस्टियन शॉ हा वयस्कर नट होता, ज्याचा चेहरा आपण मुखवटा काढल्यावर थोड्याच वेळापूर्वी बघितलेला असतो. २००४ ला त्याच्या जागी २ आणि ३ मधला तरुण हेडन क्रिस्टेन्सन चिकटवला. माझ्या क्रमाने बघणाऱ्याने त्याला कधी बघितलेलंच नाही. एवढं सगळं होऊन, डोळ्यांत पाणी आणून आमची पोरगी म्हणते, ‘बाबा, हा दादा कोण?’ आणि मागून आमचा दादा खो खो हसला. तेवढा एक पॉइंट त्याचा, देऊन टाकला.

बाकी पटकन. ७-८-९ शेवटी, सातवा मजेचा, आठव्यावरून आमच्याकडे दोन तट आहेत, नववा नाही बघितला तरी चालतंय. रोग वन हा नंबराबाहेरचा पिक्चर २०१६ चा आहे आणि चौथ्याच्या अगदी दारात येऊन संपतो, म्हणून लोक तो चौथ्याच्या आधी लावतात. नका लावू. त्यात शेवटी व्हेडर बोळात जे काही करतो ते बघून आलं की १९७७ मधली त्याची आणि ओबीवानची लढाई म्हणजे दोन काका काठीने पेरू पाडताहेत असं वाटतं. सोलो, असाच दुसरा सुटा पिक्चर, ऐच्छिक. मालिकांचं तुम्ही विचारलं होतं, ते लिहायला आता दम नाही, अँडोर मात्र सोडू नका, दोन सीझन, चोवीस एपिसोड, रोग वनच्या आधीची गोष्ट, पण ती सुद्धा मूळ तीन झाल्यावरच.

आणि प्रश्न विचारणारे साहेब, सांगूनही तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल तर तुमच्यापुरतं आता कुठूनही सुरू करा, काही फरक पडत नाही. मिसेसना काही बोलू नका. त्यांच्यासाठी चारच लावा, आणि पाचव्याच्या शेवटाला टीव्हीकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा.