डॉक्टर नसलेल्या मुलीला इमर्जन्सी मेडिसिनमध्ये जागा आहे का?

पत्र : मी जिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय सांख्यिकी. मॉनिटरवरच्या आकड्यांवरून पेशंट बिघडणार हे आधीच ओळखणाऱ्या यंत्रणांवर तिला काम करायचंय. पण ती डॉक्टर नाही, मग तिला कोण विचारणार? – एक आई, लातूर

ताई, सप्रेम नमस्कार.

नक्की विचारतील. नाडी, बीपी, ऑक्सिजन, रक्ताचे रिपोर्ट जसजसे येतात तसतसे वाचून धोक्याचा इशारा देणारे प्रोग्रॅम आज बरेच आहेत. त्यांचे इशारे कितपत खरे, हे तपासणं सांख्यिकीवाल्यांचं काम आहे.

एक उदाहरण सांगतो. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं, ते ओळखणारं एपिक या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं मॉडेल अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची स्वतंत्र पडताळणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. सेप्सिस झालेल्या २,५५२ पेशंटपैकी १,७०९ जणांना त्याने ओळखलंच नव्हतं, आणि तरीही दाखल पेशंटपैकी १८ टक्क्यांवर इशारे वाजवले होते. इतके इशारे वाजले की ड्यूटीवरची सिस्टर ते बंद करायला लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार!

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्सच्या पाच रुग्णालयांतला, सेप्सिसचाच इशारा देणाऱ्या दुसऱ्या एका यंत्रणेचा अभ्यास आला. तिथे ज्यांच्या इशाऱ्याची तीन तासांत तपासून खात्री केली गेली, त्या पेशंटमध्ये मृत्यू कमी दिसले. आता हा फरक इशाऱ्यामुळे पडला, की ज्या वॉर्डात लक्ष जास्त तिथे पेशंट तसेही सावरतात? हा प्रश्न मुलीपुढे ठेवा. तो तिला सोडवावासा वाटला, तर तिने क्षेत्र बरोबर निवडलंय.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुम्ही. बीपी घेतलं सव्वादोनला, मग सलाईन लावलं, पेशंट सावरल्यावर बीपीची नोंद झाली पावणेतीनला. संगणकाला पावणेतीनच माहीत. मग सलाईन आधी की बीपी आधी, हा क्रमच उलटा होतो. बोटं गार पडली किंवा नेलपॉलिश असली की सॅच्युरेशन चुकीचं येतं. ही माहिती वर्गात सहसा कुणी देत नाही. तुम्ही तिला शेजारी बसवून सांगा, कोणता आकडा कधी, कुणी आणि कसा लिहिला जातो.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएस्सी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे वैद्यकातली सांख्यिकी, हा सरळ रस्ता. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत लोकसंख्याशास्त्रासह हा अभ्यासक्रम आहे, वेल्लोरच्या सीएमसी म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही आहे. प्रवेशाचे यंदाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. सोबत आर किंवा पायथन आणि एसक्यूएल या संगणकावर आकडेवारी हाताळायच्या भाषा हव्यातच.

सराव आजपासून करता येईल. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातल्या नोंदींचा ‘मिमिक-फोर-ईडी’ हा संच फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. शंभर पेशंटचा नमुना संच कुणालाही उतरवून घेता येतो. पूर्ण संचासाठी आधी संशोधन-नीतीचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यात तारखा बाविसाव्या शतकातल्या दिसतील. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून त्या मुद्दाम सरकवल्या आहेत. तापमान फॅरेनहाइटमध्ये आहे. तिथे कुणाचं ३७ दिसलं, तर ते खोडून पुढे जायचं की ते सेल्सिअस असेल असा विचार करायचा, इथूनच तिचं शिक्षण सुरू होईल.

नोकऱ्या मात्र लातूरला फारशा मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. पुणे, मुंबई, बंगळुरूची तयारी ठेवा. जाहिरातीत बायोस्टॅटिस्टिशियन, क्लिनिकल डेटा ॲनालिस्ट ही पदनावं शोधायची. औषधचाचण्या घेणाऱ्या कंपन्यांत सुरुवात झाली तरी हरकत नाही, नोंदी काटेकोर ठेवायची शिस्त तिथे लागते.

एक विनंती. मुलीच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या कॅज्युअल्टीतल्या केसपेपरचे फोटो काढून देऊ नका, नाव झाकलेलं असलं तरी. रुग्णालयाचा डेटा हवाच असेल, तर तिच्या कॉलेजच्या गाईडमार्फत नीतिशास्त्र समितीकडे रीतसर प्रस्ताव पाठवा.